व्होल्ट आणि अँपिअर : दोन मापांतून विजेचा हिशेब

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा शाळा, विजेचे देयक दरमहा नियमाने भरले जाते. परंतु त्यातील किती वीज प्रत्यक्ष कामी आली आणि किती तारांतच वाया गेली, याचा विचार क्वचितच होतो. हे जाणण्यासाठी दाब व प्रवाह ही दोन मापे आणि साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

दोन सूत्रे

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि प्रवाहाला होणारा रोध ओहममध्ये मोजतात. जर्मनीतील कोलोन येथे अनेक वर्षे अध्यापन केलेल्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली यांचा परस्परसंबंध ग्रंथरूपाने मांडला. दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला असता शक्ती मिळते. ती वॅटमध्ये मोजतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते.

एक उदाहरण

समजा, विजेची शेगडी २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम, तर शक्ती २३० × ५ = १,१५० वॅट होईल.

आता हीच शेगडी मीटरपासून दूरच्या खोलीत लावली. मीटरपाशी दाब २३० व्होल्ट आहे. पण शेगडी चालू असताना तिच्यापाशी तो १८४ व्होल्टच भरतो. शेगडीच्या तारेचा रोध जवळजवळ तोच राहत असल्याने प्रवाह १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर होतो. शेगडीला मिळणारी शक्ती १८४ × ४ = ७३६ वॅट एवढीच उरते. दाब एक-पंचमांशाने घटला. शक्ती मात्र एक-तृतीयांशाहून अधिक घटली.

उरलेले ४६ व्होल्ट वाटेतील तारांत व सांध्यांत खर्ची पडले. तेथील रोध ४६ ÷ ४ = ११.५ ओहम आणि वाया जाणारी शक्ती ४६ × ४ = १८४ वॅट. मीटर मात्र २३० × ४ = ९२० वॅटचा हिशेब ठेवतो. म्हणजे देयकातील प्रत्येक पाच रुपयांपैकी एक रुपया तारा तापविण्यात जातो.

आगीचा धोका

हानी केवळ पैशाची नाही. ही सारी उष्णता एखाद्या सैल सांध्यात एकवटली, तर तारेवरील वेष्टन जळून आग लागू शकते. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की त्याच सांध्यातील उष्णता चौपट होते. शेगडी बंद असताना दाब पूर्ववत दिसतो. म्हणून हा दोष शोधताना मोजणी उपकरण चालू ठेवूनच करावी लागते.

काय करावे

अशी मोजणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. दुरुस्तीनंतर पुन्हा आकडे घेऊन ते नोंदवहीत लिहावेत. पंपाच्या मोटारीचा हिशेब मात्र वेगळा असतो. तेथे पॉवर फॅक्टरही लक्षात घ्यावा लागतो.

शिक्षकांनी वर्गात घरातील वीज न वापरता विजेरीचे सेल घ्यावेत. ३ व्होल्टवर ०.३ अँपिअर घेणाऱ्या दिव्याचा रोध १० ओहम व शक्ती ०.९ वॅट येते. हा हिशेब शिकलेला विद्यार्थी उद्या आपल्या घरातील तापणारा सांधा वेळीच ओळखू शकेल.