दारातली वही

“ताई, पाळणाघराचं लायसन्स आहे ना तुमच्याकडे?” पहिल्या भेटीत आईबाबा हमखास विचारतात. विचारायलाच हवं. माझ्याकडे गुमास्त्याचा कागद आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोडीच माणसं कामाला असली तर ऑनलाइन सूचना दिली की भागतं. माझ्याकडे तर एकच मावशी. त्या कागदावर धंद्याचं नाव आहे, नागपूरच्या प्रतापनगरचा पत्ता आहे. बाळाला झोपवताना उताणंच ठेवायचं, हे त्यावर नाही. ते माझ्या दारातल्या वहीत आहे. आठच मुलं, नववं नाही, हेही तिथेच.

वहीचा पहिला रकाना औषधाचा : घरून काय दिलं, किती, किती वाजता. सगळ्यात जास्त कुरबुर यावरच. ताप असेल तर मूल घरी ठेवायचं, असं ठरलेलं असतं. तरी सकाळी आठला पोर येतं, पावडर-काजळ केलेलं, आणि तोंडाला सिरपचा गोड वास. “रात्री झोप नाही झाली त्याची, बाकी काही नाही.” पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास. म्हणजे ऐन वरणभाताच्या वेळी अंग पुन्हा तापतं आणि तुमचा फोन लागत नाही. मला राग नाही येत हो. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपल्यावर कायदा पाळणाघराची सोय करायला सांगतो ती 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. सीताबर्डीच्या दुकानात, सीएच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसणाऱ्या आईला त्याचा काय उपयोग? तिची एक सुट्टी म्हणजे एका दिवसाचा पगार. सगळं कळतं. तरी खरं लिहा. तुम्ही लपवलेल्या डोसावर मी दुसरा दिला, तर तो बाळाच्या लिव्हरला बाधू शकतो.

उन्हाळ्याचं नागपूरकरांना काय सांगायचं! पारा 45 ला टेकला की कूलरशिवाय मुलं झोपत नाहीत, आणि कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो. माझा कूलर खिडकीबाहेर आहे, अर्थिंग तपासलेलं. प्लग काढल्याशिवाय मावशी पाणी भरत नाही. “घरी तर रोज हात लावतो तो,” असं कौतुकानं सांगू नका. घरीही लावू देऊ नका.

कॅमेऱ्याचंही विचारता. बसवलाय. पण नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरला पाळणाघरातली आया दहा महिन्यांच्या बाळाला मारताना दिसली, तेव्हाही कॅमेरा होताच. बघितलं गेलं ते मागाहून. त्यापेक्षा न सांगता या. दुपारी दोनला दार ठोका. अंगावर वळ दिसला तर मला जाब विचारा, उत्तर पटलं नाही तर 1098 ला फोन करा. सांभाळायला सोपवलेल्या मुलाशी संस्थेच्या माणसानं क्रूरपणा केला, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मी त्या कलमाबाहेर नाही, असंच धरून चालते.

आता शेवटचा रकाना : मूल कोण नेणार. नाव, सही, फोटो. मागच्या तान्ह्या पोळ्याला एका चिमुरडीचे आजोबा गावाहून आले, हातात चाकांचा लाकडी नंदी. वहीत त्यांचं नाव नव्हतं. “मी काय पोरगी पळवून नेऊन राहिलो का?” पोरगी आतून ग्रिल धरून “आबाजी, आबाजी” करत होती. तिच्या आईचा फोन लागायला चाळीस मिनिटं गेली. तोवर ते पायरीवर बसले, नंदी मांडीवर. खुर्ची नाकारली, पाणीही घेतलं नाही. मावशी मला म्हणाली, “द्या ना हो ताई, ओळखून तर राहिली ती.” ओळखत होतीच. तरी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत सही केली, ठळक. फोटो आणतो म्हणाले, अजून आणलेला नाही. त्यामुळे ते आले की मी आधी तिच्या आईला फोन लावते, आणि ते पायरीवर बसतात. पाणी मात्र आता घेतात.