आधी तो ऑटो काढ

अगं, विष्णुपुरी धरणाच्या काठाला तुम्ही ऊस लावलात याचं मला कौतुकच आहे. आमच्या लातूरला 2016 साली पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं, आणि तुमच्या बांधाला गोदावरी. पण तराफ्यावरची ती मोटर आणि पाहुण्यांनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, स्वतः ओढलेली केबल, याबद्दल जरा बोलायचंय. त्यांच्याशी नाही, तुझ्याशीच. स्टार्टरचं बटण बहुतेक वेळा तूच दाबतेस ना!

पाहुण्यांना काम येतं, मान्य. वायरमन वेळेवर सापडत नाही, हेही खरं. पण आपलं आपण केलेलं काम तपासायला दुसरं कुणी नसतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तराफा आत न्यावा लागतो, केबल पुरत नाही. मग एक जोड, पुढं दुसरा, वरून काळी टेप. टेपनं पाणी अडत नाही गं, कधी ना कधी ओल आत शिरतेच. त्याच पाण्यात जाळं टाकणारे भोई असतात, म्हशी धुणारी पोरं असतात. त्यांना काय ठाऊक तुमचा जोड कुठं आहे? त्यांना काही झालं तर जबाबदारी केबल ओढणाऱ्याचीच. म्हणून केबल एकसंध घ्या. जोड द्यावाच लागला तर पाण्यात चालणारं किट वापरा, आणि तोही पाण्याबाहेर उंच बांधा.

'एमसीबी आहे की,' असं म्हणतील. 16 अँपिअरची एमसीबी तार जळू देत नाही, माणसाला वाचवत नाही. काळजाचा ठोका बिघडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. तेवढ्यानं ती पडणार कशी? त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला करंट पुरता परत आला नाही की ती क्षणात लाईन तोडते. सोबत नीट अर्थिंग हवं. खुंटीला गुंडाळलेल्या तारेला अर्थिंग म्हणू नको.

आता खरी भीती सांगते. लाईट रात्री-बेरात्री येते म्हणून तुम्ही स्टार्टरला ऑटो लावलाय, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. फुटव्हॉल्व्हचा कचरा काढायला पाहुणे पाण्यात उतरले आणि तेवढ्यात लाईट आली तर? मोटर कुणाला विचारून सुरू होत नाही. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, म्हणून महावितरणही ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगत असतं. लाईट गेलेली असली तरी आधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढून तुझ्याजवळ ठेवायचे, मगच त्यांनी पाण्यात पाय घालायचा. फोनवर 'कर चालू' म्हणाले तरी माणूस काठावर डोळ्यांना दिसेपर्यंत बटणाला हात लावू नको. रागावले तर रागावू दे.

डीपीचा फ्यूज उडाला तर महावितरणच्या 1912 ला फोन कर, पाहुण्यांना वर चढू देऊ नको. तारेवर आकडा टाकण्याबद्दल तर मी बोलतच नाही. आणि देव न करो, कुणी चिकटलंच, तर मागं धावून पाण्यात उडी घेऊ नको. आधी मेन स्विच, मग 108.

येत्या आठवड्यात परवान्याचा वायरमन बोलाव, मजुरी वाटलं तर मी देते. पण ऑटो मात्र आजच काढायला लाव.