बोटीची सहल आणि आजी-आजोबांची तब्येत

पूर्वी आपल्याकडे सहकुटुंब सहल म्हणजे पंढरपूर, कोल्हापूर, फार तर काशी-रामेश्वर. आता मुलगा मिळवता झाला की आई-वडिलांना, बायको-मुलांना घेऊन क्रूझवर, म्हणजे सहलीच्या मोठ्या बोटीवर जायचे म्हणतो. २०२१ सालच्या सप्टेंबरात मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारी बोट सुरू झाली, तेव्हापासून आपल्यासारख्या गावांतूनही लोक जाऊ लागले आहेत. जाण्यापूर्वी दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, आईला बोट लागेल का हो?"

बोट लागणे हा त्यातला लहान प्रश्न आहे. बोटीवर लिफ्ट असते, पलंग असतो, डॉक्टरही असतो. खरी दगदग होते ती बोट बंदराला लागल्यावर, किनाऱ्यावरच्या फिरण्यात. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

किनाऱ्यावर फिरायचे दोन मार्ग असतात. एक, बोट कंपनीची बस. दुसरा, आपली स्वतंत्र गाडी. बसमध्ये तीस-चाळीस माणसे असतात आणि ती घड्याळावर चालते. आजोबा मधेच दोन मिनिटे बसायचे म्हणाले तर बस थांबत नाही. त्यामुळे घरात साठीच्या पुढची माणसे आणि लहान मुले दोन्ही असतील, तर मी स्वतंत्र गाडीच सुचवतो. तिच्यात एकच धोका आहे. कंपनीच्या बसला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, आपल्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून बोटीवर परतण्याची जी शेवटची वेळ सांगितली असेल, तिच्या दोन तास आधी बंदरात या. गाडी आत धक्क्यापर्यंत येते की फाटकाबाहेर उभी राहते, हेही आधीच विचारा. उन्हात अर्धा किलोमीटर चालणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते.

सर्वांत महत्त्वाचे सांगायचे ते हे, की सहल ठिकाणाकडे बघून ठरवू नका. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडे बघून ठरवा. आणि ते माणूस स्वतः होऊन खरे सांगेल, असे धरून चालू नका. सत्तरीच्या एक आजी माझ्या पेशंट आहेत. रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतात. सहलीच्या दिवशी त्यांनी गोळी घेतली, पण गाडी सारखी थांबवावी लागू नये म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही. दुपारी एका देवळाच्या आवारात घेरी येऊन पडल्या आणि मनगट मोडले. मला म्हणाल्या, "माझ्यापायी पोरांचा विरस नको होता." असे गप्प बसणारे वडीलधारे घरोघरी आहेत.

यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी त्यांच्याबरोबर सपाट रस्त्यावर त्यांच्याच चालीने चाला. बोलत बोलत, दम न लागता किती मिनिटे चालतात आणि केव्हा बसावेसे वाटते ते बघा. जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढतात, तेही मोजा. हे आकडे तुमच्या सहलीचे माप. पंधरा मिनिटांत बसावे लागत असेल, तर दर दहा मिनिटांच्या चालण्यानंतर बसायची जागा हवी. स्वच्छतागृह कोठे कोठे आहे, हे गाडीवाल्याला आधीच विचारून ठेवा. म्हणजे पाणी टाळण्याची वेळ येणार नाही.

आता प्रत्यक्ष ठिकाणे घेऊ. गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते. तेथून दूधसागर धबधबा गाठायचा म्हणजे लांबचा रस्ता, मग जंगलातून जीपचे हादरे आणि शेवटी दगडांवरून चालणे. कंबर-गुडघे दुखणाऱ्याने तो विचार सोडावा. त्यापेक्षा जुने गोवे बरे. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जेथे ठेवले आहे ते बॉम जेझूस चर्च आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. जागा बरीचशी सपाट आहे आणि आत बाके आहेत. फोंडा तालुक्यात मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा करायची असेल तर सकाळीच करा. तेथे अनवाणी चालावे लागते. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि रात्री बघावे तो तळव्याला फोड! अशांनी जाड मोजे घालावेत आणि परत आल्यावर तळवे तपासावेत.

कोचीत बंदर विलिंग्डन बेटावर आहे. फोर्ट कोचीची चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च ही आरामात बघण्यासारखी ठिकाणे. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला आणि त्याला प्रथम याच चर्चमध्ये पुरले होते, हे नातवंडांना जरूर सांगा. मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रे सुंदर आहेत, पण ती वरच्या मजल्यावर आहेत आणि शुक्रवारी राजवाडा बंद असतो. जवळच १५६८ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, ते शनिवारी बंद असते. म्हणून वार बघून बेत करा. एका दिवसात दोन ठिकाणे पुरे. गाडी आपली असल्याचा फायदा हाच, की आजी-आजोबा सावलीत चहा घेत बसतील आणि नातवंडे आई-वडिलांबरोबर वर जाऊन येतील.

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांना लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. दोन्ही हलत असताना एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तोल जाणाऱ्यांनी आणि ज्यांना नुकताच हृदयविकाराचा त्रास झाला आहे अशांनी तो दिवस बोटीवरच काढावा. मात्र घरातले एखादे माणूस सोबत राहू द्या.

औषधांविषयी थोडेसे. दिवसभराची औषधे, चिठ्ठीची प्रत आणि डॉक्टरांचा फोन नंबर हातातल्या पिशवीत ठेवा, बोटीवरच्या खोलीत नको. इन्शुलिन बंद गाडीत तापते, ते जवळच बाळगा. सकाळी इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन जेवणाला उशीर झाला की साखर एकदम उतरते. घाम सुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले, तर आधी साखर किंवा ग्लुकोज द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासात बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. बोट लागू नये म्हणून ॲव्होमिनसारखी गोळी सर्रास घेतात. म्हाताऱ्यांना तिने गुंगी येऊन तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. दोन वर्षांखालील मुलांना तर ती मुळीच देऊ नये. मुलांना जुलाब-उलट्या झाल्या तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात जलसंजीवनी थोडी थोडी पाजा.

छातीत दाब आला, दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सहल तेथेच संपवून १०८ ला फोन करा. बोटीवर पोचून बघू, असे म्हणू नका.

तिकीट काढण्यापूर्वी आई-वडिलांना एकदा आपल्या डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब, साखर बघून घ्या. आणि कोठे फिरायचे हे ठरवताना त्यांना समोर बसवून विचारा. "चालेल, चालेल" एवढे उत्तर आले तर तेवढ्यावर समाधान मानू नका, पुन्हा एकदा विचारा.