'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल'

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास 'इन्' हा उपसर्ग लवकरच भेटतो. 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इन्करेक्ट' म्हणजे चूक. 'डायरेक्ट' म्हणजे सरळ, 'इन्डायरेक्ट' म्हणजे आडवळणाचें. आपल्या 'अ' प्रमाणेंच हा नकार दाखवितो, असा त्याचा ग्रह होतो. मग रंगांत घालावयाच्या थिनरच्या डब्यावर 'इन्फ्लॅमेबल' असें छापलेलें पाहून तो वडिलांस सांगेल कीं, ह्यास आग लागत नाहीं. आणि ते तो डबा चुलीजवळ ठेवतील. अर्थ तर अगदीं उलट आहे!

'फ्लॅमेबल' व 'इन्फ्लॅमेबल' ह्या दोहोंचा अर्थ एकच: ज्वालाग्राही, म्हणजे चटकन पेट घेणारें. हें कसें? लॅटिन भाषेंत दिसावयास सारखे असे दोन 'इन्' आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आंत' ह्या अर्थाचा. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटविणें, ह्या क्रियापदांत हा दुसरा आहे, व त्यापासूनच 'इन्फ्लॅमेबल' निघाला. तोच जुना शब्द. 'फ्लॅमेबल' इंग्रजींत १९ व्या शतकांत आला. आमच्या मराठींत तरी असें नाहीं काय? 'घोर पाप' म्हणा कीं 'अघोर पाप' म्हणा, ऐकणारा सारखाच दचकतो.

१९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननें 'फ्लॅमेबल' लिहिण्याचा आग्रह धरिला. १९५९ सालीं ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेंही तेंच धोरण स्वीकारिलें. व्याकरणाच्या पंडितांस हें रुचो वा न रुचो, आमच्या मतें तें योग्यच होय. तथापि आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर जुनाच शब्द अद्याप वाचावयास मिळतो.

त्या शब्दांत किती भय आहे तें पाहा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, खळग्यांत सांचते, आणि दूर कोणीं विडीकरितां काडी ओढली तरी पेट घेऊं शकते. २५ जून २०१७ रोजीं पाकिस्तानांत अहमदपूर शरकिया येथें उलटलेल्या टँकरमधून सांडलेलें इंधन भांड्यांत भरून घेण्यास लोक धांवले. भडका उडाला, व २०० हून अधिक माणसें मेलीं.

न पेटणाऱ्या वस्तूवर 'नॉन-फ्लॅमेबल' असें लिहितात. 'नॉन' नसेल तर दिवा, चूल व विडी दूर ठेवावी. शाळेंत शिकविणाऱ्या बंधूंनीं आणखी एक शब्द फळ्यावर लिहावा: 'इन्कम्बस्टिबल'. त्यांतील 'इन्' मात्र नकाराचाच आहे, आणि त्याचा अर्थ खरोखरच 'न जळणारें' असा होतो.