घरात साठलेले शिसे विकताना : भाव कसा काढावा, मुले कशी जपावीत

आपल्या वस्तीत पडून राहिलेले शिसे बहुतेक घरांत सापडते. बंद पडलेली इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली असते. रिक्षाची किंवा मोटारसायकलची जुनी बॅटरी पत्र्यावर टाकलेली असते. कोणाकडे टायरच्या दुकानातून आणलेली चाकाची वजने असतात, कोणाकडे जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, कोणाकडे जुन्या केबलचे शिशाचे आवरण, तर कोणाकडे बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे. जे भंगार गोळा करून पोट भरतात त्यांच्याकडे तर पोतेभर माल साठतो. "भाव वाढला की विकू" म्हणून तो वर्षभर तसाच राहतो.

हा माल म्हणजे पैसा आहे, आणि तो पुरा मिळालाच पाहिजे. पण शिसे हे विषही आहे. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत. भाव नीट काढता आला तर माल घरात फोडायची आणि वितळवायची गरजच उरत नाही. फोडून जास्त मिळते हा समज हिशेबात टिकत नाही.

आधी माल ओळखा आणि वेगळा करा

शिसे आकाराच्या मानाने फार जड असते. पाण्याच्या ११ पटींहून थोडे जास्त त्याचे वजन भरते. रंग मळकट करडा असतो, पण ओरखडा काढला तर आत चकाकी दिसते. लोहचुंबक त्याला चिकटत नाही. ओरखडा काढायला जुना चाकू घ्या, तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.

मालाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग मऊ शिशाचा : पाइप, पत्रा, केबलचे आवरण. हे बऱ्यापैकी शुद्ध असते.

दुसरा ढीग कडक शिशाचा : छापखान्याचे खिळे आणि चाकाची वजने. खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असते, म्हणून त्यांचा भाव वेगळा विचारावा. चाकाची वजने सगळीच शिशाची नसतात. आता लोखंडाची आणि जस्ताचीही येतात. लोखंडाची चुंबकाने लगेच कळतात.

तिसरा ढीग अख्ख्या बॅटऱ्यांचा.

तिन्ही एकाच पोत्यात घातले की व्यापारी सगळ्याला सर्वांत कमी दर लावतो. वेगळे केले की प्रत्येकाचा दर वेगळा विचारता येतो.

भाव कुठून ठरतो

शिशाचा भाव कोल्हापुरात ठरत नाही. लंडनच्या धातुबाजारात आणि मुंबईच्या एमसीएक्स बाजारात रोज दर निघतो. एमसीएक्सचा दर किलोमागे रुपयांत असतो आणि तो मोबाइलवर पाहता येतो. अलीकडच्या वर्षांत तो साधारण १७० ते २०० रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. हा दर शुद्ध शिशाचा आणि मोठ्या मालाचा आहे. आपल्याला तेवढा मिळणार नाही, कारण मधे भंगारवाला, मोठा व्यापारी, वाहतूक आणि भट्टी आहे. पण तो दर माहीत असला की कोणी फारच कमी सांगत असेल तर कळते.

भाव वाढेल म्हणून थांबण्यात घरगुती मालाला अर्थ नाही. २० किलो माल असेल आणि किलोमागे ५ रुपये वाढले, तर फायदा १०० रुपये. तेवढ्यासाठी विष वर्षभर घरात ठेवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

बॅटरी अख्खी विकावी की फोडून?

मोठी इन्व्हर्टर बॅटरी अ‍ॅसिडसकट साधारण ५५ किलो भरते. त्यात १८ ते २० किलो अ‍ॅसिडच असते. ३-४ किलो प्लास्टिक. उरलेल्यात जवळपास निम्मा भाग धातूच्या जाळ्या आणि पट्ट्यांचा, आणि निम्म्याहून थोडा जास्त काळसर लगद्याचा. लगद्यात शिसे असते, पण ते धातूच्या रूपात नसते. चुलीवर किंवा शेगडीवर ते निघत नाही. त्यासाठी हजार अंशांच्या आसपास तापणारी भट्टी, कोळसा आणि इतर द्रव्ये लागतात.

आता हिशेब करू. पुढचे दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत. त्या दिवशीचे खरे दर घालून आपण तो पुन्हा करावा.

अख्खी, अ‍ॅसिडसकट : ५५ किलो × ७० रुपये = ३,८५० रुपये.

फोडून : धातू १५ किलो × १३० = १,९५० रुपये. लगदा १७ किलो × ४० = ६८० रुपये. प्लास्टिक ३ किलो × २० = ६० रुपये. एकूण २,६९० रुपये.

किलोचा दर १३० ऐकून माणूस भुलतो, पण एवढ्या दराने विकायला हातात १५ किलोच उरतात. अख्ख्या बॅटरीत लगद्याचेही पैसे मिळतात, फोडल्यावर ते जातात. कष्ट आपले, धूर आपला, आणि पैसे कमी.

असाच दुसरा फसवा दर "कोरड्या" बॅटरीचा. अ‍ॅसिड ओतून आणली तर किलोला ९५ देतो, असे कोणी म्हणाले, तर ३६ किलो × ९५ = ३,४२० रुपये होतात. म्हणजे अ‍ॅसिडसकट ७० रुपयेच बरे. शिवाय ओतलेले अ‍ॅसिड वस्तीच्या गटारात जाते, आणि त्याच्याबरोबर शिशाचा गाळही जातो. म्हणून दर विचारताना पहिला प्रश्न हाच : हा दर अ‍ॅसिडसकट की अ‍ॅसिड काढून?

विकताना काय करावे

एकाच दिवशी तीन ठिकाणी दर विचारा. त्यातले एक बॅटरीचे दुकान असू द्या. नवी बॅटरी घ्यायची असेल तर दुकानदाराला नव्या बॅटरीची किंमत दोनदा विचारा : जुनी देऊन किती, आणि जुनी न देता किती. दोन्हींतला फरक हाच जुन्या बॅटरीचा खरा भाव. तो भंगाराच्या दराशी ताडून पाहा.

वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. काटा आधी शून्यावर आहे का ते पाहा. काट्यावर वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का असावा लागतो. शंका आली तर आपणच काट्यावर उभे राहा. आपले वजन दवाखान्यात केलेले असतेच. चिठ्ठीवर वजन, दर आणि रक्कम लिहून घ्या.

बॅटरी कुठून आणली याची पावती असेल तर जपा. चोरीच्या बॅटऱ्यांचा धंदा मोठा आहे, आणि पोलिसांचा पहिला संशय गरीब भंगारवाल्यावर जातो.

बॅटरी कचऱ्याबाबत केंद्र सरकारचे २०२२ चे नियम आहेत. बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवून, ती गोळा करणाऱ्या किंवा तिचे पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. जुन्या बॅटऱ्या परत गोळा होतील हे पाहणे ही बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे. वस्तीजवळ कोणी उघड्यावर बॅटऱ्या फोडत किंवा वितळवत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

एकट्याच्या एका बॅटरीसाठी टेंपो येत नाही, दहा बॅटऱ्यांसाठी येतो. महिला मंडळाने किंवा विहाराच्या समितीने महिन्यातला एक दिवस ठरवावा, घरोघरच्या बॅटऱ्यांची यादी करावी आणि तीन व्यापाऱ्यांकडून दर मागवावेत. माल मात्र विहारात साठवू नये. तिथे मुले बसतात. टेंपो येईल त्या दिवशीच बाहेर काढावा.

शिसे शरीरात काय करते

शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून ते साध्या शेगडीवरही वितळते. सोपे वाटते, आणि धोका इथेच आहे. कढई जास्त तापली की वाफ उठते, वर काळी राख जमते, आणि ती बारीक धूळ होऊन अंथरूण, भांडी, कपडे, अंगणातली माती यांवर बसते. तिला वास नाही, दिसत नाही. ओला तुकडा वितळलेल्या शिशात पडला तर ते उसळून अंगावर उडते, तो धोका वेगळाच.

लहान मूल रांगते, हात तोंडात घालते. खाण्यातून गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या तुलनेत मुलाच्या शरीरात ४ ते ५ पट जास्त शोषले जाते. ते वाढत्या मेंदूवर काम करते. मूल लक्ष देत नाही, चिडचिड करते, शिकण्यात मागे पडते. रक्त कमी होते, पोट दुखते, शौचाला साफ होत नाही. जास्त झाले तर झटके येतात, जीवही जातो. शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे.

शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात ते हाडांतून पुन्हा रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत जाते. १९१९ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्त्रियांना आणि १८ वर्षांखालील मुलांना शिशाच्या धोक्याच्या कामांवर ठेवू नये अशी शिफारस केली होती. कारखान्याला लागू असलेली ती काळजी आपल्या अंगणात का नसावी?

आफ्रिकेत सेनेगल देशाची राजधानी डकार. तिच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत लोक बॅटऱ्या फोडत. शिशाचा भाव चढला, तेव्हा तिथल्या मातीतले शिसेही विकले जाऊ लागले. लोक माती खणत, चाळत, काहींनी पोती घरात ठेवली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ मुले दगावली. ती आपल्यासारखीच कष्टाची माणसे होती, दोन पैसे मिळवत होती.

घरात आधीच वितळवले असेल तर

घाबरू नका, पण आजच थांबवा. जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळी मुलांना दूर ठेवा. कामाचे कपडे वेगळे धुवा. अंगणातली माती स्वच्छ मातीच्या थराने किंवा फरशीने झाकून टाका. वितळवायला वापरलेली कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

मुलाला आणि गरोदर बाईला वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरमध्ये न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा : "घरात बॅटरीचे शिसे वितळवले आहे, रक्तातले शिसे तपासायचे आहे." हे सांगितले नाही तर पोटदुखी जंताची समजली जाते. तपासणी तिथे होत नसेल तर नमुना कुठे पाठवता येईल ते विचारा. प्रमाण ५ किंवा जास्त असेल तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे लागते. मुलात ४५ किंवा जास्त असेल तर शरीरातून शिसे काढणारे औषध डॉक्टर देतात. मनाने भस्म वगैरे देऊ नका. नागभस्म तर शिशापासूनच करतात.

मुलाला उपाशीपोटी ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. नाचणी, पालेभाजी, अंडी, दूध, लिंबू असा लोह आणि कॅल्शियम देणारा आहार द्या. याने शिसे निघून जात नाही, पण नवे कमी शोषले जाते.

विकेपर्यंत कसे ठेवावे

बॅटरी उभी ठेवा, आडवी नको. पलंगाखाली आणि स्वयंपाकाजवळ नको. मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा बघा. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे. पावसाळ्याआधी पंचगंगेकाठच्या घरांनी बॅटरी विकूनच टाकावी, नाहीतर उंचावर ठेवावी. अ‍ॅसिड सांडले तर खायचा सोडा टाका, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

लक्षात ठेवा

• बॅटरी अख्खी विका. फोडू नका, अ‍ॅसिड ओतू नका.
• मऊ शिसे, कडक शिसे आणि बॅटऱ्या यांचे दर वेगवेगळे विचारा.
• किलोचा दर नव्हे, हातात येणारी एकूण रक्कम ताडून पाहा.
• तीन ठिकाणचा दर, डोळ्यांसमोर वजन, हातात चिठ्ठी.
• माल हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नका, भाकरीला हात लावू नका.
• साठवू नका. या महिन्यात विका.