किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला?

तंजावरच्या शाखेतल्या तुमच्या बचत खात्यातून असा दंड कापला गेला, तर आधी पासबुक तपासा. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासून नियम आहे: शिल्लक कमी पडल्यावर बँकेने आधी कळवावे आणि ती भरण्यास किमान एक महिना द्यावा. दंड तुटीच्या प्रमाणातच असावा. केवळ दंडामुळे खाते उणे होऊ नये.

यातले काही पाळले नसेल, तर रक्कम परत मागणारा लेखी अर्ज शाखेत द्या. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा. १४४४८ या क्रमांकावर तमिळप्रमाणेच मराठीतही माहिती मिळते. अर्जाची पोच जपून ठेवा. पुढे तोच पुरावा.