गाईड सगळ्यांसमोर अपमान करतात, काय करू?

प्रश्न : मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत माझ्या मसुद्यावर तुटून पडतात, ‘तुला साधं लिहिता येत नाही’ म्हणतात. बोलले तर वर्षं वाया जातील अशी भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती खरी आहे, कारण सही त्यांच्या हातात असते. तरीही गप्प राहू नका. मसुद्यावरची टीका कितीही कडक असो, ती सरांचं कामच आहे. तुमच्या कुवतीवर चारचौघांत शेरा मारणं हे काम नव्हे. आधी एकट्यात वेळ मागा आणि ठाम, मोजकं बोला : ‘सर, दुसऱ्या प्रकरणातलं विश्लेषण कुठे चुकतंय ते नीट समजून घ्यायचं आहे. सगळ्यांसमोर बोललात की मला पुढे काही सुचत नाही. चुका मसुद्यावर लिहून द्याल का?’ बऱ्याच गाईडना आपला सूर किती लागतो याची कल्पनाच नसते. त्याच दिवशी, ठरलेल्या दुरुस्त्यांची नम्र ईमेल पाठवा. पुढे मतभेद झाले तर हीच नोंद उपयोगी पडते.

तरीही फरक पडला नाही, तर पुढचा मार्ग संशोधन सल्लागार समितीचा. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. समितीतल्या विश्वासू सदस्याशी बोला. प्रकरण छळापर्यंत गेलं, तर यूजीसीच्याच 2023च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहेत. तक्रारीत विशेषणं नकोत. तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहा.